शीलाची पाठ

जानेफळहून अशोकभाऊचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या बाजारात कैऱ्या निवडत होते. भाजीवाल्या मावशीशी माझी नेहमीसारखी घासाघीस चालली होती आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी, कोथिंबिरीखाली वाजत होता. उचलला तर तिकडून नुसता श्वास. मग म्हणाला, "मॅडम, आक्का गेली. पहाटीच." मी काय करावं? मी त्याच्यावर ओरडले. "असं कसं? परवा तर बोलली माझ्याशी, चांगला वाद घातला तिनं!" सख्खी बहीण गेलेल्या माणसावर मी भर बाजारात ओरडत होते, लोक वळून पाहत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. मावशीनं हातातला तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "जा बाई, तू जा." मी तशीच स्टँडवर गेले, मेहकरकडची जी जीप पहिली दिसली तिच्यात बसले आणि बसल्यावर लक्षात आलं की घरी काही सांगितलेलंच नाही.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले, पण माझं बूड एका जागी टिकत नाही. पोळ्या लाटता लाटता उठते, दाराशी जाते, परत येते. टीव्ही लावते, बंद करते. आमचे हे म्हणतात, "अगं, पायाला भिंगरी लागली का? बस की जरा." बसते, आणि बसलं की तो दिवस सुरू होतो, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून म्हटलं, लिहून तरी टाकावं. चिखलीतल्या दोन पिढ्यांना शीला कोण हे सांगायची गरज नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची आणि मी मराठी. ती जानेफळची, बौद्ध घरातली, शिकून नोकरीला लागलेली घरातली पहिली पोरगी. मी इथलीच, हार्डवेअरच्या दुकानदाराची बायको. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकींना लागून होती, आणि दोघींचा डबा पहिल्या आठवड्यातच एक झाला, कारण तिची ठेच्याची भाकर पाहून मला राहवलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज भांडत भांडत एकत्र जेवलो.

शीलाच्या पाठीला कुबड होतं. हे सरळच लिहिते, कारण आडून बोललेलं तिला खपायचं नाही. लहानपणी तिच्या मणक्याला क्षय झाला होता. तो ओळखायला उशीर झाला, औषधानं दुखणं गेलं, पण पाठ वाकली ती वाकलीच. छातीच्या पिंजऱ्यात फुप्फुसांना जागा कमी, त्यामुळे आवाज बारीक. तिच्या वर्गात पोट्टे श्वास रोखून बसत, कारण जरा गलका झाला तर मॅडमचं काही ऐकूच येत नसे. मी माझ्या वर्गात घसा फोडून ओरडायचे आणि तरी माझं कोणी ऐकत नसे. जळायचे मी तिच्यावर, खरंच सांगते. पोरांनी तिचं नाव 'कासव मॅडम' ठेवलं होतं. एकदा नववीच्या कोण्या बहाद्दरानं फळ्यावर भलं मोठं कासव काढून ठेवलं. मी व्हरांड्यातून चालले होते, ते पाहिलं आणि छडी शोधायला निघाले, तर शीला माझ्या आधी वर्गात पोचलेली. तिनं चित्र नीट पाहिलं. खडू घेतला आणि कासवाचे पाय दुरुस्त केले. "चित्र चांगलं आहे," म्हणाली, "पायाला नखं विसरला फक्त. आता मले सांगा, कासवाला कवचातून बाहेर काढता येतं का?" सगळे म्हणाले, येतं मॅडम. "नाही येत. ते त्याचं घर नाही, आत शिरलं आणि बाहेर आलं असं. त्याच्या फासळ्या आणि पाठीचे मणकेच त्या कवचाला जोडून गेलेले असतात. कवच काढलं तर कासवाची पाठच निघाली. ते मरून जाईल." मग खडू खाली ठेवून त्याच बारीक आवाजात म्हणाली, "माझंही तसंच. ही पाठ मी घरी खुंटीला टांगून येऊ शकत नाही." कासव मॅडम हे नाव त्यानंतरही चाललं, पण पोरं ते तिच्या तोंडावर म्हणायला लागली आणि ती 'ओ' द्यायची.

तिच्या शिकवण्यात हात आधी आणि पुस्तक मागून. कणा शिकवायचा तर दोघादोघांना उभं करायचं, पोरींना पोरींसोबत, पोरांना पोरांसोबत, आणि एकानं दुसऱ्याच्या मानेपासून कंबरेपर्यंत बोट फिरवत मणके चाचपायचे. गुदगुल्या होऊन वर्गभर खिदळणं चालायचं. "मानेत सात असतात," ती सांगायची, "आणि जिराफाच्या मानेतही सातच. त्याचे लांब, तुझे आखूड, एवढाच फरक." मग एखादी धीट पोरगी विचारायची, मॅडम, तुमचे? तर ही पाठ फिरवून उभी. "पाहा, भिऊ नको, दुखत नाही. इथं मणके झिजून एकमेकांत चिकटलेत, लागतात का हाताला?" पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि ते तिला दिसलं. डबा खाताना तिनं मला चांगलं झापलं. "रडासारखं काय आहे त्याच्यात? मी काय तमाशा करून राह्यली का? शिकवून राह्यली."

आणि भांडणं तर किती! एकदा मी 'माझा आवडता प्राणी' या विषयावर निबंध दिला होता. सहावीतल्या एका पोरीनं कोंबडीवर लिहिलं. मी खाली लाल शाईनं शेरा मारला, 'कोंबडी हा पक्षी आहे, प्राणी नव्हे', आणि गुण कापले. दुसऱ्या दिवशी शीला ती वही घेऊन माझ्या टेबलाशी हजर. "मंदा, कोंबडी प्राणी नाही तं मग काय झाड आहे?" मी म्हटलं, अगं आपण पशुपक्षी म्हणतो, प्राणी वेगळे आणि पक्षी वेगळे, भाषेत तसंच आहे. "तुझ्या भाषेले सांग जरा," ती म्हणाली, "की पक्षी बी प्राणीच, मासोळी बी प्राणी, मुंगी बी प्राणी, गांडूळ बी प्राणी, अन् तू बी प्राणी. जे स्वतःचं अन्न स्वतः करू शकत नाही अन् त्याच्यासाठी दुसऱ्याले खाते, ते सगळे एका सृष्टीतले. त्या पोरीचे मार्क दे." मी ऐकायला तयार नव्हते, पण ती टेबल सोडीना. शेवटी घंटा वाजली आणि मी गुण वाढवून दिले. त्याहून मोठं भांडण झालं ते माझ्या भाषणावरून. कोण्या समारंभात मी आवेशात म्हणून गेले की आजकाल समाजात कणा नसलेली माणसं फार झाली आहेत. टाळ्या पडल्या. शीला तेवढी हाताची घडी घालून बसलेली. नंतर म्हणाली, "जगातल्या बहुतेक प्राण्यांले कणा नाही, मंदा. कीटक, गोगलगाय, खेकडा, गांडूळ. गांडुळाले कणा नाही, फुप्फुस नाही, कातडीनं श्वास घेते, अन् आपल्या पायाखालची सारी माती उलटीपालटी करते. तू त्याले शिवी म्हणून वापरते होय?" मी म्हटलं, बाई, तुझ्यासमोर तोंड उघडायचीच चोरी. पण तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडी आला नाही, आणि आज लिहिताना कळतंय की ती गांडुळाची बाजू घेत होती तशीच स्वतःचीही घेत होती. वाकडा कणा असलेल्या बाईला 'ताठ कण्याची माणसं' हे शब्द रोज कुठून ना कुठून ऐकावे लागत असणार. मला हे तेव्हा का सुचलं नाही, देव जाणे.

दसऱ्याची एक गंमत सांगते, म्हणजे ती नुसती भांडकुदळ होती असं कोणाला वाटायला नको. खंडेनवमीला आमचे शिपाईकाका प्रयोगशाळेतल्या सगळ्या उपकरणांची पूजा करायचे. एका वर्षी त्यांनी भक्तिभावानं सूक्ष्मदर्शकाच्या भिंगालाच ओलं कुंकू लावलं. वरच्या आणि खालच्याही. सुट्टीनंतर शीलानं डोळा लावला तर सगळं जग लालबुंद. हेडसर चिडले, काका घाबरले. शीला स्वतः पूजाअर्चा करणारी नव्हती, पण तिनं कोणाच्या श्रद्धेची टिंगल केलेली मी पाहिली नाही. कापूस आणि स्पिरिट घेऊन ती आणि काका दुपारभर भिंगं पुसत बसले. "काका," ती म्हणाली, "पूजा करा, हार घाला, नारळ फोडा. फक्त डोळ्यात कुंकू नका घालू, यंत्र असलं तरी त्याचा तो डोळाच आहे." पुढच्या वर्षापासून काकांनी यंत्राच्या पायाशी कुंकू लावलं आणि भिंगावर स्वच्छ रुमाल झाकून ठेवला. खेड्यातून येऊन खोली करून राहणाऱ्या पोरींशी ती असंच वागायची. कोणताही जीव जगायला अन्न, पाणी, हवा आणि आसरा लागतो, हे फळ्यावर लिहून झालं की खाली येऊन हळूच विचारायची, "तुझं काय? पाणी भरावं लागते का? खोलीले खिडकी आहे का? जेवून आली का?" ज्या पोरीनं मान खाली घातली तिला आमच्या डब्यात वाटा मिळायचा, आणि माझ्या वाट्याची अर्धी पोळी जायची. मी कुरकुर करायचे. तरी दुसऱ्या दिवशी दोन पोळ्या जास्त टाकायचे.

निवृत्तीनंतर ती चिखलीतच दोन खोल्यांत राहत होती. मागच्या दिवाळीनंतर दम फार वाढला, जिना चढवेना, तेव्हा अशोकभाऊ येऊन तिला जानेफळला घेऊन गेला. तो तिच्याहून लहान, शेती करतो, बोलायला कमी. मी जाऊन येऊन असायचे. अंगणात कडुलिंबाखाली खाट, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं, लाइट गेली की सगळ्यांचा जीव टांगणीला. अशाच एका दुपारी अशोकभाऊ शेतात गेलेला पाहून तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "मी देहदानाचा अर्ज भरला आहे. तू साक्षीदार म्हणून सही कर. अशोक सही करत नाही. मी गेल्यावर त्याले समजावजो." मी उठूनच उभी राहिले. असलं अभद्र बोलणं मला ऐकवत नाही, आणि समजावायचं असेल तर तू समजाव, मी मध्ये पडणार नाही! तिनं मला दम संपेस्तोवर बोलू दिलं. माझ्याकडे दम भरपूर, तिच्याकडे थोडा, त्यामुळे तिला वाट पाहायची सवय होती. मग थांबत थांबत म्हणाली, "मंदा... लहानपणी मले ताप यायचा. पाठ दुखायची. मायनं डॉक्टरकडं नेलं, त्यानं नाडी पाह्यली, गोळ्या दिल्या. पुन्हा नेलं, पुन्हा गोळ्या. पाठीले कोणी हात लावला नाही. लावला असता तं कळलं असतं... पुस्तकातली पाठ सरळ असते. दवाखान्यात येणाऱ्या माणसाची नसते. जे पोट्टे डॉक्टर होऊन राह्यले त्यायनं एकदा तरी अशी पाठ आतून पाहावी. एवढंच." मी सही केली. रागानं केली, पेन कागदात रुतेल अशी, पण केली. आणि ती जायच्या दोन दिवस आधी फोनवर झालेला वादही त्यावरूनच होता. ती विचारत होती, अशोकशी बोललीस का, आणि मी म्हणत होते, घाई काय आहे?

जानेफळला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिला पांढऱ्या वस्त्रात ठेवलं होतं, उशाशी मेणबत्ती आणि उदबत्ती. बायका कडेनं बसल्या होत्या. बौद्धाचार्य यायचे होते. मी तिच्याजवळ बसले, पण बसवेना. ऊन चढत होतं. मेडिकल कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात, काही तासांत देह पोचला पाहिजे, नाहीतर ते घेत नाहीत, हे मला तिनंच सांगून ठेवलेलं. मी अशोकभाऊला गोठ्याकडे बाजूला घेतलं आणि अर्जाचं, सहीचं, वेळेचं एका दमात बोलून टाकलं. तो ऐकत राहिला, खाली पाहत. मग म्हणाला, "मॅडम, जित्तेपणी लोकायनं तिची पाठच पाह्यली. शाळेत जाय तं पोट्टे तिच्या मांग वाकून चालून दाखवत. पाहाले पाहुणे आले तं चहा पेऊन, पाठ पाहून उठून जात. मी लहान होतो तरी मले समजे. आता मेल्यावर बी पोट्टे तिच्या भोवती उभे राह्यतीन? तिले उघडी करून? मी तिचा भाऊ आहो का कोण आहो?" त्यानं अंगणाकडे हात केला. "मी तिले झाकतो, मॅडम. माझं एवढंच काम बाकी राह्यलं."

मला त्याचंच पटत होतं. असं वाटत होतं की नको तो अर्ज, नको ते कॉलेज, आपल्या माणसाला आपल्या मातीत नेऊन ठेवावं आणि मोकळं रडावं. पण हे सगळं कशासाठी, ते तिनं मला सांगितलं होतं, त्याला नाही, आणि त्याच्याशी बोलायची वेळ मी पुढं ढकलत गेले होते, कारण मला तिचं मरण कबूल नव्हतं. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बस ना व माय, तुह्या पायानं काय ते वापस येते?" मी पुन्हा गोठ्याकडे गेले. या वेळी अशोकभाऊनंच विचारलं, "आक्का काय म्हणे? जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. ताप, नाडी, गोळ्या, पाठीला न लागलेला हात. "माय तिची पाठ शेकत बसे," म्हणाला. "मिठाचं पुरचुंडं तव्यावर ठिवून. रोज. तिले वाटे वाताचं दुखणं आहे... त्या डॉक्टरनं हात लावला असता तं?" मी म्हटलं, "कदाचित पाठ वाचली असती." तो तसाच वळला. अंगणात आला, बौद्धाचार्य तोवर आले होते, त्यांना म्हणाला, "त्रिशरण, पंचशील इथंच घेऊ. आक्काले मेडिकल कॉलेजात न्यायचं आहे." काकालोकांत कुजबुज झाली, की मग दिवसकार्याचं, जलदानविधीचं कसं? "जलदानाले बॉडी कायले लागते?" तो म्हणाला. "मले बी पटलं नाही. पण ते म्हणून गेली. गाडी सांगा."

कॉलेजला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. गाडीत आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिथला कर्मचारी बाहेर आला, त्यानं चादर वर करून पाहिलं, आणि तडक आत गेला. मग एक तरुण साहेब आले. बोलायला सभ्य होते, उगाच कशाला खोटं सांगू. म्हणाले, "ताई, हा देह आम्हाला घेता येणार नाही. पाठ फार वाकलेली आहे. देह टिकवायचं औषध अंगात सगळीकडे नीट चढत नाही, टेबलावर ठेवता येत नाही. आमच्या मुलांना आधी नेहमीची रचना शिकावी लागते. नियम तसा आहे." म्हणजे? एवढं सगळं करून? मी अशोकभाऊकडे पाहिलं. मला वाटलं, याच्या तोंडावर आता सुटल्याचा भाव दिसेल, तो म्हणेल चला परत, झाकतो मी तिला. पण त्याचं तोंड असं लाल झालं होतं की मी दोन पावलं मागे सरले.

"नाही म्हणजे?" तो म्हणाला. आधी हळू, मग ओरडून. "जिंदगीभर तिले नाहीच आयकू आलं. नोकरीले गेली तं तपासणीवाला नाही म्हणे, ते भांडून लागली. लग्नाले नाही. चिखलीत खोली पाहाले गेली तं नाही, अन् तिथं तं कारणं दोन दोन, एक पाठ अन् एक आडनाव. तिनं कोणाले काही मागतलं नाही. आता सोताहून देऊन राह्यली, सोताचं सारं देऊन राह्यली, तरी नाही? तुमच्या पोट्ट्यायले काय सरळच माणसं पाहाची आहेत का? सरळ माणूस दवाखान्यात येईन कायले?" व्हरांड्यातली माणसं थांबली. मी त्याचा हात धरला. मीही बोलले मग. माझं तोंड एकदा सुरू झालं की काय होतं ते चिखलीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती जीवशास्त्राची शिक्षिका होती, साहेब, आणि तुमच्या या नियमाला ती काय म्हणाली असती ते ऐकायचं आहे का?

आवाज ऐकून विभागाच्या प्रमुख बाई बाहेर आल्या. केस पिकलेल्या, चष्मा कपाळावर. त्यांनी कोणाला गप्प केलं नाही. कागद पाहिले, विचारलं, "मणक्याचा क्षय? कोणत्या वयात?" अशोकभाऊनं सांगितलं. त्या गाडीत चढल्या, चादर बाजूला केली आणि पाहत राहिल्या. किती वेळ कोण जाणे, मला तो फार वाटला. खाली उतरून त्यांनी तरुण साहेबांना सांगितलं, "ठेवून घ्या. पहिल्या वर्षाच्या टेबलासाठी नाही, वेगळं. जबाबदारी माझी." मग अशोकभाऊकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, इतक्या जुन्या, बऱ्या झालेल्या मणक्याचं चित्रच आम्ही मुलांना दाखवतो. बाईंनी आमच्यावर उपकार केले." अशोकभाऊनं मान हलवली आणि सही केली. जी सही शीलाला आयुष्यात मिळाली नाही, ती त्यानं तिथं व्हरांड्यातल्या बाकावर वाकून केली, आणि मग ओंजळीत तोंड घालून रडला.

आत त्याला एकट्यालाच सोडत होते, पण मी घुसले. पांढरी फरशी, उंच खिडक्या, औषधाचा डोळ्यात जाणारा वास. कर्मचारी आणि त्याचा जोडीदार तिला टेबलावर ठेवत होते. उताणी. ती उताणी राहीना, डोकं अधांतरी, एका अंगाला कलंडायला लागली, तशी एकानं तिचा खांदा धरून खाली दाबला. "अबे, दाबू नको!" अशोकभाऊ धावलाच. "उताणी नको ठिवू तिले. तिले उताणं निजता येत नाही. लहानपणापासून येत नाही. डाव्या कुशीवर निजते ते, अन् मांगून टेका लागते, नाहीतं झोप मोडते तिची." बोलता बोलता त्यानं उन्हात डोक्याला बांधायचा गळ्यातला दुपट्टा काढला, त्याची गच्च गुंडाळी केली, दोघांच्या मदतीनं तिला हलकेच कुशीवर वळवलं आणि ती गुंडाळी पाठीच्या त्या वाकणात बसवली. इतकी नेमकी बसवली की एकदाही सारखी करावी लागली नाही. हे काम त्यानं पुष्कळदा केलेलं असणार. मी पायथ्याशी उभी होते. एवढी वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, सहलीला एका बाकावर बसून गेलो, तिच्या पाठीचं मला सगळं माहीत आहे अशी माझी समजूत होती. ती झोपते कशी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपट्टा तिथंच राहिला. अशोकभाऊ उघड्या डोक्यानं उन्हात गाडीपर्यंत चालत गेला.

आता तो मला दर चार-दोन दिवसांनी फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, हरभरा काढला, म्हैस व्याली, आणि मग विचारतो, "मॅडम, त्यायनं तिले कुशीवरच ठिवलं असन ना?" मी म्हणते, हो अशोकभाऊ, कुशीवरच. मला काय ठाऊक? औषध भरायचं, जपून ठेवायचं, पोरांना शिकवायचं, त्यात कोणाची कूस कोण सांभाळत बसणार, हे मला कळतं. शीलाला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, मेलेल्या पाठीले दुखत नसते गं, तू लय विचार करते. हेही कळतं. तरी फोन ठेवला की मी उठते, दाराशी जाते, परत येते. काल त्याचा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग मीच लावला. म्हशीचं विचारलं, पोरांचं विचारलं, आणि माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "अशोकभाऊ, त्यांनी तिला कुशीवरच ठेवलं असेल ना हो?"

"हाव मॅडम," तो म्हणाला. "कुशीवरच."